बिनकाट्याचं घड्याळ

दीपमालाचा एम. डी.ला नंबर लागला तेव्हा तिच्या बापानं, धोंडीरामनं, शिरूर कासारजवळच्या माळावरच्या त्यांच्या वस्तीत घरोघर पेढे वाटले. पेढा गालात असतानाच शेजारच्या तानाजीनं विचारलं, "कशाची डॉक्टर होनार हाय पोरगी?"

धोंडीरामची हयात उसाला कोयता लावण्यात गेलेली. शाळेचं तोंड त्यानं लांबूनच पाहिलेलं. पण लेकीनं फोनवर सांगितलेलं त्यानं पाठ करून ठेवलं होतं. "मानसाचं शरीर कसं चालतं, त्याचा आभ्यास करनार हाय."

"म्हंजे इंजेक्शन देनार न्हाई?"

"न्हाई."

"सलाईन?"

"न्हाई."

"मग कशाची डॉक्टर बे!"

धोंडीराम जरा गडबडला. पेढ्यांचा पुडा त्यानं या हातातून त्या हातात घेतला, आणि मग छाती काढून म्हणाला, "झोपंची."

वस्तीवर असं हसू पिकलं की विचारू नका. झोप काय, बाजेवर पडलं की येते, तिला डॉक्टर कशाला लागतो? पुढं कित्येक वर्षं दीपमाला गावी आली की पोरं-सोरं "झोपंची डॉक्टर आली, झोपंची डॉक्टर आली" करत मागं लागायची, आणि तीही जांभई देऊन दाखवायची.

झोपच का, असं तिला नंतर मोठमोठ्या माणसांनी विचारलं. इंग्रजीतून विचारलं, तिनंही इंग्रजीतून काहीबाही उत्तरं दिली. खरं उत्तर तिनं कुणाला दिलं नाही, कारण ते सांगून पटणारं नव्हतं. ते नुसतं डोळ्यांपुढं दिसायचं.

ती सात वर्षांची होती. उजाडायच्या आत पाचटाच्या झोपडीवरून, कोपीवरून, उसाच्या फडाकडं निघालेली बैलगाडी. धुकं एवढं की बैलांची शिंगं दिसायची आणि बैल दिसायचे नाहीत. बैल दमलेले, म्हणून गाडीत फक्त लेकरू. उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ओल्या वासात, गोधडीत गुंडाळलेली दीपमाला मागं तोंड करून बसलेली. आणि गाडीच्या मागच्या फळीला एक हात लावून तिची आई, भिवराबाई, चालत येत होती. डोळे मिटलेले. पाय मात्र बरोबर पडत होते, खड्डा आला की लांब, दगड आला की बाजूला. पुढून धोंडीराम हाळी द्यायचा, "भिवरे, जागी हायेस का?" आणि भिवराबाई झोपेतच म्हणायची, "हाव."

दीपमालाला वाटायचं, माय डोळे मिटून दुसऱ्याच एका रस्त्यानं चालली आहे. तिकडं धुकं नसेल, थंडी नसेल. एकदा तिनं विचारलंसुद्धा, "माय, तुला झोपंत काय दिसतं गं?"

"ऊसच दिसतो बाई," भिवराबाई म्हणाली. "आनखी काय दिसनार?"

दहाव्या वर्षी भिवराबाईनं तिला आश्रमशाळेत घातलं आणि फडाशी तिचा संबंध सुटला तो सुटलाच. पोरगी हुशार निघाली, डॉक्टर झाली. एम. डी.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा धोंडीराम गेला, साधी कावीळ अंगावर काढली म्हणून. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नाव नवऱ्याचं, काम दोघांचं. धोंडीराम गेला आणि भिवराबाई अर्धा कोयता उरली. अर्धा कोयता टोळीत सहसा कुणी घेत नाही, म्हणून दीपमाला तिला आपल्याजवळ घेऊन आली.

एम. डी. झाल्यापासून दीपमाला एका विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आणि संशोधन करते. ऐकायला लई भारी वाटतं. प्रत्यक्षात तिची नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवरची. अकरा महिने झाले की एक दिवस नोकरी सुटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायची. त्या एका दिवशी ती घरी बसून भांडी घासायची, डबे पुसायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा भिवराबाईनं कपाळाला हात लावला. "म्हंजे तुजं बी सीझनचंच काम की गं! एवढी शिकलीस कावून मग?"

लेकीची नोकरी पक्की व्हावी, एवढी एकच इच्छा भिवराबाईला उरली होती. स्वतःचं सगळं आयुष्य दसरा ते पाडवा असं तुकड्यातुकड्यानं गेलं, निदान पोरीचं तरी सलग जावं. देवापुढं दिवा लावताना ती दुसरं काही मागत नव्हती. आणि दीपमालालाही तेच हवं होतं, ती फक्त बोलून दाखवत नव्हती. पस्तिशी आली होती, सहा ऑर्डरी झाल्या होत्या.

तिच्या विभागाचे प्रमुख डॉ. राधाकिशन सर. मूळचे तिच्याच जिल्ह्यातल्या नांदूरघाटचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. जेवण झालं की खुर्चीतच दहा मिनिटं डोळा लावणारे आणि "आपण झोपेवर संशोधन करतो, प्रात्यक्षिक नको का?" असं वर म्हणणारे. त्यांच्याच खटपटीनं विभागाला चाळीस घड्याळं मिळाली. घड्याळं म्हणायची आपली. काळा पट्टा, काळी डबी, त्यात काटे नाहीत की आकडे नाहीत. हात हलला की ते डबीत नोंद होतं, हात निवांत पडला की तेही होतं. नंतर संगणकाला जोडलं की चोवीस तासांची एक ओळ निघते. हालचालीला काळ्या उभ्या रेघा, आणि माणूस झोपला तेवढी जागा पांढरी, तोड झालेल्या रानासारखी मोकळी.

दीपमालाला मनातून पहिल्यापासून हेच करायचं होतं. ऊसतोडीचा माणूस झोपतो किती, हे मोजायचं.

त्या वर्षी जानेवारीत ती तीनशे किलोमीटर लांब, आपल्याच वस्तीच्या टोळीवर गेली. बंकट मुकादमानं चाळीस नावं काढून दिली. चाळीसही गडी. घड्याळं चाळीसच होती आणि सरांचं म्हणणं, यंदा पुरुष करू, बायकांसाठी पुढच्या वर्षी वेगळा प्रस्ताव टाकू. दीपमालानं एकेकाच्या मनगटावर स्वतःच्या हातानं पट्टा बांधला. "तुमी किती राबता अन् किती झोपता, ते ह्यात उमटतं," तिनं समजावलं. "आठ दिवस काढून ठिवायचं न्हाई."

पीठ लागलेले हात पदराला पुसत बायका मागं उभ्या होत्या. तानाजीची बायको छबुबाई पुढं आली, नवऱ्याच्या हातातल्या डबीवर तिनं बोट वाजवून पाहिलं. "आन आमचं गं दीपे?"

"पुढच्या साली, मावशी."

"बरं बाई," छबुबाई म्हणाली आणि भाकरीकडं वळली.

रात्री कोप्यांवर थांबायला कॉलेजची परवानगी नव्हती. आठ दिवसांनी दीपमाला परत गेली, चाळीसच्या चाळीस घड्याळं मिळाली, एकही हरवलं नाही, एकही फुटलं नाही. परत येताना गाडीत तिनं ती पिशवी मांडीवर घेतली होती. चाळीस माणसांची आठ दिवसांची झोप आपल्या मांडीवर आहे, असं तिला वाटत राहिलं आणि त्या गुंगीत तिलाच झोप लागली. स्वप्नात धुकं होतं.

ओळी निघाल्या त्या बघून राधाकिशन सर दुपारची डुलकी विसरले. सगळा कागद काळ्या रेघांनी भरलेला आणि मधे पांढरी चिंधी, नखाएवढी. सरासरी झोप दोन तास दहा मिनिटं. "दीपमाला," सर म्हणाले, "असं जगात कुठं नोंदलं गेलेलं नाही गं." तिनं तीनदा गणित केलं. दोन तास दहा मिनिटं. तिनं पेपर लिहिला, परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकानं तो स्वीकारला, जुलैच्या अंकात येणार असं पत्र आलं. कायम जागेची जाहिरातही नेमकी तेव्हाच निघाली. मुलाखत बारा जूनला. सर म्हणाले, या पेपरवर तुझी ऑर्डर निघाल्यातच जमा आहे. भिवराबाईनं त्या दिवशी पुरण घातलं.

आणि तिथूनच सगळं बिनसलं. म्हणजे बिनसलं की नीट झालं, ते तुम्हीच ठरवा.

एप्रिलच्या एका सकाळी दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुलाखतीत काय बोलायचं ते म्हणून बघत होती. भिवराबाई ज्वारी निवडत होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं म्हणून दीपमाला मधूनमधून मराठीत सांगत होती. "तर गडी मानूस दोन तास दहा मिनिटं झोपतो, माय."

"कोन?"

"ऊसतोडीचा गडी."

भिवराबाईचा सुपातला हात थांबला. मग ती हसायला लागली. हसली, हसली, डोळ्याला पाणी येईपर्यंत हसली. "आगं, तुजा बाप घास तोंडात आसतानाच घोरायचा! मदल्या रातीला गाडी भरायला उठवायचं म्हंजी तंगडं धरून वढावं लागायचं. दोन तास झोपनारा गडी मी तर न्हाई बाई पाहिला."

"मशीन खोटं बोलत न्हाई, माय."

"मशीन कशाला खोटं बोलंल? पर ते कुनाच्या हातात व्हतं?"

दीपमाला आत जाऊन पलंगावर बसली आणि आपल्या मनगटाकडं बघत राहिली.

रविवारी ती वस्तीवर गेली. टोळ्या पाडव्याला परत आल्या होत्या. लिंबाखाली छबुबाई वाळवण राखत बसली होती. दीपमालानं शेजारी बैठक मारली, चहा झाला, आणि मग तिनं विचारलं, "मावशी, ते घड्याळ काकांनी आठ दिवस घातलतं न्हवं?"

"घातलतं की. अन् मी बी घातलतं."

"तू?"

"मंग! आसं काय करतीस? एक कोयता, एक घड्याळ. फडात चाळीस कोयते, आन् तू चाळीस घड्याळं घिऊन आलतीस." छबुबाई बोटांवर सांगू लागली, जणू शाळकरी पोरीला समजावतेय. "नऊ वाजता ह्यो गडी आडवा व्हायचा. मंग घड्याळ मी घालायची. भांडी, पानी, सकाळच्या पिठाचं बघायचं, लेकराला थापटायचं. आकराला माजा डोळा लागायचा. येक वाजता गाडी भरायला ह्यो उठायचा, जाताना माज्या हातातलं काढून घालून जायचा. तिनाला मी उठायची चुलीपाशी, तवर ह्यो भरून येऊन पडलेला, की परत माज्या हातात. सगळ्या कोप्यांत आसंच."

"पर मी म्हनाले व्हते, काढून ठिवायचं न्हाई म्हनून!"

"आमी कुटं ठिवलं?" छबुबाईला आता खरंच राग आला. "ह्या हातातून त्या हातात. ठिवलं न्हाई कंदीच. तू म्हनालीस, तुमी किती राबता ते उमटतंय. मंग गडी झोपला अन् घड्याळ बी त्याच्याबरोबर झोपलं, तर तुला वाटंल हा कोयता नुसता लोळतोय. घड्याळ जागत्याच्या हातात पायजे. आमी इमानदारीनं केलं गं दीपे!"

दीपमालाला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. किती इमानदार माणसं! एवढ्या थंडीत, अंधारात, एकमेकांच्या हातातून काढून एकमेकांच्या हातात घालत राहिली, आठ रात्री, एकाही कोपीत चुकली नाहीत. चुकली ती एकटी. कोयता म्हणजे दोन माणसं, हे ती कोयत्याच्याच पोटची पोर विसरली होती. तिच्या अर्जात 'सहभागी व्यक्ती' असा रकाना होता, आणि त्यापुढं तिनं चाळीस लिहिलं होतं.

सोमवारी तिनं सरांना सगळं सांगितलं. सर आधी चिडले. "एका बाईच्या सांगण्यावरून पेपर मागं घ्यायचा? पुरावा काय?"

दीपमालानं कपाट उघडलं. घड्याळं परत आली तेव्हा तिनं डब्या पुसल्या होत्या, पट्टे तसेच होते. तिनं एक पट्टा सरांपुढं धरला. त्याची दोन भोकं ताणून रुंद झाली होती, एक जाड मनगटाचं आणि त्याच्या तीन भोकं अलीकडं एक बारीक मनगटाचं. दुसरा पट्टा. दोन भोकं. तिसरा. दोन भोकं. बारीक मनगटाच्या भोकात काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. सरांनी ते नखानं खरवडलं आणि नाकाशी नेलं. नांदूरघाटचा माणूस, त्याला सांगायला नको. ज्वारीचं पीठ होतं ते.

सर उठले. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "दीपमाला, बारा जूनपर्यंत गप्प राहा. सहा-सात आठवड्यांचा प्रश्न आहे. ऑर्डर हातात पडू दे. मग दुरुस्तीचं पत्र मी स्वतः टाईप करतो. मी तुझ्या वाईटावर नाही गं."

वाईटावर नव्हतेच ते. लेकीला सांगावं तसं सांगत होते, आणि म्हणूनच तर पंचाईत होती.

पुढचे आठ दिवस दीपमाला पाण्याखालून चालल्यासारखी वावरली. वर्गात शिकवायची, पण आवाज लांबून यायचा. बसमध्ये डोळा लागायचा आणि दरवेळी तेच दिसायचं, धुक्यातली गाडी, फळीवरचा हात. फरक एवढाच की आता मागून येणाऱ्या बाया चाळीस होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांच्या मनगटावर बिनकाट्याची घड्याळं. कुणीतरी पुढून हाळी देत होतं आणि त्या एका सुरात "हाव" म्हणत होत्या. ती पेपर उघडून वाचायची. चाळीस पुरुष, असं त्यात सतरा ठिकाणी लिहिलं होतं. भाकऱ्या थापणारे हात त्या रेघांमध्ये होते आणि त्या हातांचं नाव कुठंच नव्हतं. पुढच्या साली, मावशी, असं तिनंच सांगितलं होतं.

नवव्या दिवशी तिनं नियतकालिकाला पत्र लिहिलं. घड्याळ एकाचं नव्हतं, दोघांचं होतं; आमच्या आकड्याला आम्ही दिलेला अर्थ चुकीचा आहे; पेपर मागे घेत आहोत. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, खाली सही केली, आणि त्या दिवशी जेवणानंतर त्यांना झोप लागली नाही.

मुलाखतीत पाच जण बसले होते. एकानं विचारलं, "तुमचा एक पेपर स्वीकारला होता, त्याचं काय झालं?"

"मागे घेतला."

"का?"

"घड्याळ नवरा-बायकोनं वाटून घातलं होतं."

एक जण हसला. बाकीच्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. यादी लागली तेव्हा दीपमालाचं नाव दुसरं होतं आणि जागा एकच होती. जुलैत तिची अकरा महिन्यांची मुदत संपली. तो एक दिवस ती घरी बसली, भांडी घासली, डबे पुसले, दुसऱ्या दिवशी सातवी ऑर्डर घेतली.

भिवराबाई तिच्याशी चार दिवस धड बोलली नाही. दीपमालाला वाटलं, माय रागावली. पाचव्या दिवशी देवापुढं दिवा लावून म्हातारी लेकीकडं वळली. "मीच तोंड उघडलं," ती म्हणाली. "गप ज्वारी निवडली आसती तर तुजी नोकरी पक्की झाली आसती. माज्या जिभेला हाड न्हाई."

"माय, असं नको म्हनू गं."

"मला कळतं की. तुला वाईट वाटू नाई म्हनून तू म्हनतीस."

दीपमालानं तिला जवळ घेतलं. काय सांगावं? वाईट तर वाटतच होतं. उठता-बसता वाटत होतं. ती खोटं बोलली नाही. "वाईट वाटतंय, माय," ती म्हणाली, "पर तू बोललीस ते बरं झालं. तेवढं बी खरंच हाय."

ऑक्टोबरात सरांनी पुन्हा कुठून कुठून खटपट करून परवानगी काढली. या वेळी वीस कोयते आणि चाळीस घड्याळं, बायकोला वेगळं, नवऱ्याला वेगळं, आणि दीपमालाला रात्री कोपीवर थांबायची मुभा. छबुबाईनं फोनवर आधीच बजावलं, "माजं मला पायजे. अन् ह्यानं मागितलं तरी देनार न्हाई बघ." दसरा झाला की टोळ्या हलणार. त्याआधी घड्याळं तपासून बघायची होती, म्हणून दीपमाला घरी चार-पाच आणून स्वतः घालायची, मैत्रिणींना द्यायची.

"मला घाल एक," भिवराबाई म्हणाली. "मी बी कोयताच व्हते की."

दीपमालानं पट्टा तिच्या बारीक मनगटावर बांधला. पाच दिवसांनी ओळ काढली आणि तिला वाटलं, डबी बिघडली. म्हणून दुसरी घातली. दुसरीचीही ओळ तशीच. ज्या माउलीला फड सोडून आठ वर्षं झाली, जिला आता उठायचं कारण नाही, भरायची गाडी नाही, तिच्या रात्रीत वीस मिनिटांपेक्षा लांब पांढरी जागा कुठंच नव्हती. वीस मिनिटं, की रेघ. पंधरा मिनिटं, की रेघ. आणि तीन वाजल्यापासून तर सगळं काळंच. झोपेची डॉक्टर आठ वर्षं त्याच घरात, शेजारच्या पलंगावर झोपत होती.

"माय, तू झोपतच न्हाईस?" तिनं विचारलं.

"झोपते की उलीशी." भिवराबाई लाजल्यासारखी झाली, चोरी पकडल्यासारखी. "आगं, सवय. तुजा बाप व्हता तवा मालूम आसायचं, आपन पडलो तरी दुसरा जागा हाय. लेकराकडं बघायला, बैलांकडं बघायला, कोपीला जाळ लागला तर बघायला. त्यो गेल्यापून जागं ऱ्हायाला दुसरं हाय कोन? तू दमून येतीस, पडल्या पडल्या तुजा डोळा लागतो. मंग मी आसते जागी."



दुसऱ्या दिवशी टोळीवर निघायचं होतं. रविवार, दुपारचे दोन. क्वार्टरच्या व्हरांड्यात दीपमाला पिशवीत घड्याळं भरत बसली होती. ऊन पायरीवर आलं होतं, कॉलेजच्या मैदानातून पोरांचा आवाज येत होता, पण लांबून, स्वप्नातून यावा तसा. भिवराबाई चटईवर तिच्याजवळ येऊन टेकली. दिवसा आडवं होणं तिला जन्मात ठाऊक नव्हतं. तिनं थोडा वेळ लेकीचे हात बघितले. मग आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ लेकीपुढं धरलं.

"हे धर. मी जरा पडते. तू जागी हायेस न्हवं?"

तपासणी चालू होती. पट्टा काढून चालत नाही, हाच तर सगळा धडा होता. दीपमालानं ते घड्याळ घेतलं, आपल्या मनगटावर बांधलं. आईचंच भोक तिला बरोबर बसलं.

"हाव," ती म्हणाली.

त्या दिवसाची ओळ पुढं तपासणीतून बाद झाली, नियमच तसा आहे. दीपमालानं ती छापून घेऊन स्वतःजवळ ठेवली आहे. त्यात दोनपासून सहापर्यंत नुसत्या काळ्या रेघा आहेत, कुठं मोकळी जागा म्हणून नाही. सहाला जागी होईपर्यंत भिवराबाई एकदासुद्धा हलली नाही.